मधल्यांचा पुरस्कार आणि ब्रेकबाई

त्या शहरात जी माणसं गाडी बरी चालवतात, त्यातली निम्मी ब्रेकबाईंच्या हाताखालून गेलेली आहेत. बाईंचं खरं नाव त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर ठळक लिहिलेलं आहे, पण ते कुणाच्या तोंडात बसलं नाही. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. बाईंचा पाय त्या ब्रेकवर आणि जीभ शिकणाऱ्याच्या चुकीवर, दोन्ही सारख्याच तयारीत. एका सर्जनने तिसऱ्यांदा गाडी वाकडी लावली तेव्हा त्या म्हणाल्या, "डॉक्टर, टाके पण असेच घालता का?" कॉलेजचे प्राचार्य शिकायला आले तेव्हा इंडिकेटर एका बाजूचा देऊन दुसरीकडे वळायचे. बाईंनी दोन वेळा सहन केलं आणि मग सांगितलं, "सर, सांगायचं एक आणि वळायचं भलतीकडे, हे तुमच्या कॉलेजात चालतं. चौकात नाही चालत."

बाईंचे यजमान त्याच कॉलेजात साहित्य शिकवायचे. सगळे त्यांना सर म्हणत. घरात पैसे दोघांचे यायचे, भाषण मात्र एकाचंच असायचं. सरांना गाडी येत नव्हती. बाईंनी त्यांना शिकवायला घेतलं होतं, पण क्लच दाबायच्या आधी ते क्लच या शब्दाबद्दल बोलायला लागले, आणि बोलता बोलता त्यांनी गाडी कॉलेजच्या गेटवर घातली. गेटाची एक झडप पडली. बाईंच्या कारकिर्दीत त्यांचा पाय वेळेत ब्रेकवर न गेल्याचा तो एकच प्रसंग, आणि त्याचं कारण असं की त्या हसत होत्या.

तर या सरांनी कॉलेजचा पुरस्कार सुरू केला होता. झालं होतं असं की फरशीच्या एका कारखानदाराने वडिलांच्या नावाने कॉलेजला देणगी दिली. प्राचार्यांना त्यातून कॅन्टीनवर पत्रे घालायचे होते. पण पत्र्यांचा फोटो पेपरात येत नाही, असं कारखानदाराचं म्हणणं पडलं. तेव्हा सर उभे राहिले. "नव्या लेखकांना बक्षिसं आहेत, कारण त्यांच्याकडून आशा असते," ते म्हणाले. "म्हाताऱ्यांना आहेत, कारण त्यांचा भरवसा नसतो. मधल्यांना कोण आहे?" असा हा कारकिर्दीच्या मध्यावर असलेल्या कथा-कादंबरीकारांचा पुरस्कार जन्माला आला. अट अशी की निदान तीन पुस्तकं झालेली असावीत आणि उमेद शिल्लक असावी. सर निमंत्रक झाले आणि झाले ते झालेच.

सरांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बाई गाडीच्या चाव्या शोधत होत्या. त्या म्हणाल्या, "पण लेखक मध्यावर आहे हे ठरवणार कसं? उद्या गेला बिचारा, तर तो शेवटच होता की."

सरांनी वही काढून ते टिपून घेतलं. मग म्हणाले, "हा मुद्दा समितीपुढे आलेला नाही."

पुरस्कारात रोख रक्कम होती, एक जडशीळ मानचिन्ह होतं आणि दोन दिवसांचा पाहुणचार होता. कॉलेजला गेस्टहाऊस होतं, पण त्यात प्राचार्यांचे मेव्हणे तात्पुरते राहायला आले होते आणि ते तात्पुरतेपण काही संपत नव्हतं. बाईंची मुलगी नोकरीसाठी परगावी असायची, तिची खोली रिकामी. त्यामुळे दरवर्षीचा विजेता त्या खोलीत यायचा आणि पाहुणचार बाईंच्या गळ्यात पडायचा.

बाईंनी मधले लेखक इतके जवळून पाहिले की साहित्याबद्दल त्यांचं मत बनून गेलं. पहिल्या वर्षी डोंगरदऱ्यांवर लिहिणारे आले. बाथरूममध्ये पाल निघाली म्हणून त्यांनी सरांना दाराबाहेर पहाऱ्यावर उभं केलं. दुसऱ्या वर्षीच्यांनी भुकेवर जाडजूड कादंबरी लिहिली होती. त्यांनी ऑम्लेट दोनदा परत पाठवलं, कडा करपल्या म्हणून. मग मौनावर चार पुस्तकं लिहिलेले एक गृहस्थ आले आणि दोन दिवस त्यांनी घरात कुणाला तोंड उघडू दिलं नाही. एकजण स्वतःची उशी घेऊन आला आणि जाताना या घरातली घेऊन गेला. सगळ्यांत सारखी गोष्ट एवढीच की स्वयंपाकघराकडे कुणी मान वळवली नाही. चहा त्या बाजूने येतो, इतपत त्यांना माहिती होती.

आणि मग ती लेखिका आली. चार कादंबऱ्या झालेल्या, चांदीच्या काड्यांचा चष्मा, खांद्याला कापडी झोळी. सर हॉलमध्ये पुरस्कारामागची भूमिका समजावत होते. ते श्वास घ्यायला थांबले तेवढ्यात ती उठून सरळ स्वयंपाकघरात आली, स्टूल ओढलं आणि म्हणाली, "ताई, तुम्ही बोला. मला घरं ऐकायला आवडतात."

बाईंना असा श्रोता जन्मात मिळाला नव्हता. शिकाऊ लोक ऐकायचे, पण स्टिअरिंगला घामेजले हात चिकटवून. इथे समोर एक शिकलेली बाई हनुवटीवर हात ठेवून बसली होती आणि योग्य जागी हसत होती. बाई सुटल्या. सर समारंभाच्या आदल्या दिवशी आरशासमोर भाषण म्हणतात आणि टाळ्यांसाठी मधे थांबतात, ते सांगितलं. वीस वर्षांपासून ते एक कादंबरी लिहितायत, तिची अर्पणपत्रिका झाली, प्रस्तावना झाली, दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावनासुद्धा झाली, फक्त मधला भाग राहिलाय, तेही सांगितलं. प्राचार्यांच्या इंडिकेटरचं सांगितलं, आणि गेटाचं तर साभिनय सांगितलं. चहा तीनदा उकळला. लेखिकेने डोळे पुसले आणि म्हणाली, "ताई, तुम्ही लिहीत का नाही?"

"मला वेळ नाही," बाई म्हणाल्या. "लायसन्सच्या परीक्षा आल्यात."

परतीच्या दिवशी बाईंनीच तिला स्टेशनवर सोडलं. अख्ख्या रस्त्यात लेखिका खिडकीवरची कडी घट्ट धरून बसली होती. उतरताना तिने बाईंना मिठी मारली. "तुम्ही मला काय दिलंत ते तुम्हाला कळायचं नाही," ती म्हणाली. बाईंना वाटलं, प्रवासासाठी बांधून दिलेल्या डब्याबद्दल बोलतेय.

पुस्तक आलं ते पुढच्या वर्षाच्या अखेरीला. आत झोकदार अक्षरात, 'दोघांना, कृतज्ञतेने.' सरांनी त्याच दिवशी वाचायला घेतलं आणि खुर्चीत बसल्या बसल्या खुदखुदायला लागले.

"काय माणूस उभा केलाय," ते म्हणाले. "एका कॉलेजात विभागप्रमुख आहे. आरशासमोर भाषणं करतो. अगं, असली माणसं मी पाहिलीयत. आमचे उपप्राचार्य डिट्टो."

बाईंच्या हातातलं फडकं तिथेच थांबलं. दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. तिनेही पुस्तक घेतलं होतं.

"आई, बाबा छापून आलेत," ती म्हणाली. "जसेच्या तसे. पण तू कुठे गेलीस गं?"

मग बाईंनी पुस्तक गाडीत ठेवलं आणि शिकाऊ लोकांची वाट पाहत असताना तुकड्या तुकड्याने वाचून काढलं. आरसा होता. दोन प्रस्तावना होत्या. गेट होतं, झडपेसकट. वाक्यंच्या वाक्यं बाईंची होती, पण ती बोलत होती एक पाहुणी, चांदीच्या काड्यांचा चष्मा लावणारी, अतिशय हजरजबाबी. विभागप्रमुखाला बायकोही होती. ती फिकट कपडे घालून स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी असायची. पूर्ण कादंबरीत ती जितक्या वेळा बोलली तितक्या वेळा "चहा ठेवू का?" एवढंच बोलली. अंगणात एक गाडी होती, तिच्यावर खोळ घातलेली. बायकोला गाडी येत नव्हती. शेवटच्या प्रकरणात ती खोळ काढून आत जाऊन बसते, स्टिअरिंगवर हात ठेवते आणि रडते. मग परत खोळ घालते. कादंबरी तिथे संपत होती.

त्या दिवशी बाईंनी एका होतकरू वकिलाला चौकातल्या चौकात तीन फेऱ्या मारायला लावल्या, कारण थांबा म्हणायचं त्यांना सुचलं नाही.

संध्याकाळी त्यांनी विषय काढला. "त्या पुस्तकातली बायको तुम्हाला कशी वाटली?"

"फार सूक्ष्म," सर म्हणाले. "अशी एक मूक स्त्री घरोघर असते. बिचारी."

"कुणाच्या घरी?"

"तसं एखादं घर नसतं गं. ते प्रातिनिधिक असतं."

"आणि ते गेट?"

"गेट म्हणजे व्यवस्था," सर म्हणाले. "तुझं वाचन नाही म्हणून तुला ते नुसतं गेट वाटतं."

बाई उठून गाडी पुसायला गेल्या.

गोष्ट इथेच थांबली असती. पण पुरस्काराचं ते दहावं वर्ष होतं आणि दहाव्या वर्षी काहीतरी दणक्यात करायचं, असं सरांच्या मनाने घेतलं. प्रमुख पाहुणी म्हणून त्यांनी त्याच लेखिकेला बोलावलं. शिवाय तिच्या नव्या कादंबरीतलं एक प्रकरण निमंत्रक स्वतः वाचून दाखवणार, असं पत्रिकेत छापून टाकलं.

चार दिवस आधी बाई कोपऱ्यावर गाडी लावून बसल्या होत्या तर प्राचार्य आले आणि सवयीने शिकाऊच्या सीटवर बसले.

"मॅडम, सर गेटाचं प्रकरण वाचणार म्हणतायत."

"मग?"

"गेट कुणी पाडलं ते शिपायांपासून सगळ्यांना माहीत आहे. हसं होईल. तुम्ही थांबवा त्यांना."

"तुम्ही सांगा की. तुम्ही साहेब आहात त्यांचे."

प्राचार्यांनी रुमालाने मान पुसली. "मी कसा सांगू? त्या बाईने प्राचार्यही घातलाय पुस्तकात. इंडिकेटर एकीकडचा देतो आणि वळतो दुसरीकडे. मी काही बोललो तर तो मीच, हे कबूल केल्यासारखं होईल."

बाईंना वाईट वाटायला हवं होतं. त्यांना हसू आलं. इतकी वर्षं गाडीत, समारंभात, जेवणाच्या टेबलावर जे विद्वान ऐकले, त्यांच्यातल्या एकालाही आरसा समोर धरला तर तोंड ओळखता येत नव्हतं किंवा ओळख द्यायची नव्हती. मात्र घरी येऊन त्यांनी प्रयत्न केला. "दुसरं प्रकरण वाचा," त्या म्हणाल्या. "गेटाचं नको."

"तेच तर सर्वांत जिवंत आहे," सर म्हणाले आणि आरशाकडे गेले.

समारंभाला हॉल भरला होता. त्या वर्षीचा विजेता एक कथाकार होता. तो मानचिन्ह मांडीवर घेऊन कडेला बसला होता आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. कथाकाराला त्याची सवय दिसली. सर वाचायला उभे राहिले. पहिल्या पानाला लोकांनी ओठ आवळून धरले. विभागप्रमुख गाडीत बसून क्लच या शब्दाची व्युत्पत्ती सांगू लागला तसं मागच्या रांगेतून एक हसू निसटलं, आणि मग बांध फुटला. शिपाई भिंतीला टेकून हसत होते. उपप्राचार्यांनी तोंडावर कागद धरला होता. सरांच्या वाचनाला आजवर असा प्रतिसाद कधी मिळाला नव्हता. त्यांचा आवाज चढला, हातवारे आले. गेट पडलं तेव्हा ते टाळ्यांसाठी थांबले, आणि टाळ्या खरोखर पडल्या. आनंदाने त्यांचा चेहरा लाल झाला होता. पहिल्या रांगेत बसलेल्या बाईंना तो चेहरा बघवेना.

मग लेखिका बोलली आणि शेवटी प्रश्न विचारा म्हणाली. बाई उभ्या राहिल्या. आपण उभ्या राहणार हे त्यांनाही माहीत नव्हतं.

"त्या बायकोला गाडी का येत नाही?" त्यांनी विचारलं.

लेखिका ओळखीचं हसली. "ताई, छान प्रश्न. ती एक व्यक्ती नाहीये. अनेक घरांत मी तिला पाहिलंय."

"माझ्या घरात पाहिलंत," बाई म्हणाल्या. "गेट आमच्या ह्यांनी पाडलं, ते बरोबर लिहिलंत. प्रस्तावनाही बरोबर. पण ते सगळं सांगितलं मी आणि पुस्तकात बोलतेय पाहुणी. मी तुम्हाला स्टेशनवर सोडलं तेव्हा गाडी कोण चालवत होतं?"

स्टेजवर सरांनी पुस्तक हळूच मिटलं. लेखिकेने चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. एवढ्या वेळात तिला वाक्य सापडलं.

"बाई गाडी चालवत असते ना, तेव्हाही ती आतून थांबलेलीच असते," ती म्हणाली.

आणि कडकडून टाळ्या पडल्या. बाईंनी मागे वळून पाहिलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत त्यांच्याकडे शिकलेल्या निदान वीस बायका होत्या. लायब्ररीवाली होती, जिला त्यांनी पावसापाण्यात घाट चढायला शिकवलं होतं. ती डोळे टिपत होती. बाई खाली बसल्या.

घरी जाताना सर पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते. बाई भांडणाची वाट पाहत होत्या. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

"तू सांगितलंस तिला," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"प्रस्तावनेचंही."

"हो."

सर खिडकीबाहेर पाहत राहिले. आपण स्वयंपाकघरात हसत होतो तेव्हा हा माणूस पाहुणीच्या खोलीत चादरीच्या सुरकुत्या काढत होता, हे बाईंना आठवलं. माफ करा म्हणावं असं वाटलं. त्या शब्द जुळवत होत्या तेवढ्यात सरांनी विचारलं, "माझ्यावर किती पानं असतील गं त्यात?"

"जवळजवळ सगळी."

"म्हणजे मी नायकच झालो की."

बाईंनी गिअर बदलला आणि माफी गिळली. घर येईपर्यंत सर ताठ बसायला लागले होते. महिन्याभरात त्यांनी एका मासिकात 'पात्र होताना' असा लेख लिहिला. पिशवीत पुस्तकाच्या दोन-तीन प्रती राहू लागल्या. गेट नव्याने बसवलं होतं, तिथे ते पाहुण्यांना घेऊन जायचे आणि पडण्याची जागा दाखवायचे. उपप्राचार्य मात्र दुखावले होते. तो माणूस आपल्यावर बेतलाय, असं त्यांनी घरी सांगून ठेवलं होतं.

बाईंनी एक केलं. पुढच्या वर्षीपासून लेखक आमच्याकडे नको, असं प्राचार्यांना तोंडावर सांगितलं. मेव्हण्यांना अखेर गेस्टहाऊसची एक खोली सोडावी लागली. लेखिकेचा एकदा फोन आला. तिला पुढची कादंबरी गाडी शिकवणाऱ्या बाईवर लिहायची होती आणि चार दिवस येऊन ऐकायचं होतं. बाई म्हणाल्या, "या. शिकायला या. फी आगाऊ असते, आणि गाडीत मी फक्त रस्त्याबद्दल बोलते." ती आली नाही.

पुस्तक मात्र चाललं. त्याच्यावर चर्चा झाल्या आणि मग बाईंकडे एक नव्या तऱ्हेची गिऱ्हाइकं येऊ लागली. ती कादंबरीतली बायको ह्याच, असं कुणीतरी सांगितलेल्या बायका. त्या फिकट, हळव्या चेहऱ्याने यायच्या आणि फॉर्म भरायच्या आधी बाईंचा हात हातात घ्यायच्या.

"त्यातून तुम्ही बाहेर कशा पडलात?" पहिलीने विचारलं.

"कशातून?"

"त्या खिडकीतून."

"मी दारातून जाते," बाई म्हणाल्या. "रोज सकाळी साडेसहाला. तुमचं ते पुस्तक लिहिणारी तिसरीत असेल तेव्हापासून."

पण ती ऐकतच नव्हती. छापलेलं तिने वाचलं होतं, आणि समोरची बाई नुसती बोलत होती. पहिल्या पाच-सहाजणींना बाईंनी समजावून पाहिलं. मग गर्दी वाढली, दुसरी गाडी घ्यावी लागली, आणि समजावणं त्यांनी सोडून दिलं. परवा अशीच एक आली, बँकेत मोठ्या हुद्द्यावरची. सीटवर बसली, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि तिचे डोळे भरून आले.

"किती उशिरा शिकलात ना तुम्ही," ती म्हणाली. "पण शिकलात."

"हो," बाई म्हणाल्या. "सीट जरा पुढे घ्या. तुमचे पाय पोचत नाहीयेत."